‘इंडिजिनस पीपल्स’ आणि ‘सेक्रेड साइट’ : मराठीत काय लिहावं?

भाषांतरवाली
ग्रामसभांमध्ये वाटायच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. विषय असा : आदिवासींना निसर्गाबद्दल असलेली जाण आणि त्यांच्या देवाच्या जागा यांना आंतरराष्ट्रीय कायद्यात कोणतं संरक्षण आहे. २००७ चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा, जैविक संसाधनांच्या लाभात वाटा देण्याबद्दलचा २०१० चा नागोया करार आणि मे २०२४ मध्ये जिनिव्हात संमत झालेला जनुकीय संसाधनांचा करार, असं सगळं त्यात आहे.

अडलंय ते ‘पीपल्स’वर. तो शेवटचा ‘स’ भांडून मिळवलेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५७ च्या करारात ‘पॉप्युलेशन्स’ होतं, १९८९ च्या करारात ‘पीपल्स’ आलं. वेगळा समाज म्हणून सामूहिक हक्क मागता येतात ते त्या शब्दामुळे. मराठीत ‘लोक’ आधीच अनेकवचनी. ‘आदिवासी लोक’ म्हटलं की नुसती माणसं उरतात, समाज जातो. ‘लोकसमूह’ संपादकांना सरकारी वाटतो. तुम्ही काय लिहाल?

आणि ‘सेक्रेड साइट’ला ‘पवित्र स्थळ’ चालेल ना?

मोडीवाचक
‘आदिजन’ लिहा. ‘जन’ एकवचनातही समाज दाखवतो. शिवाय ‘इंडिजिनस’ म्हणजे ‘मूलनिवासी’, ‘आदिवासी’ नव्हे. नेमका शब्द असताना ढोबळ का वापरायचा?

चंद्रपूरकर
‘मूलनिवासी’ महाराष्ट्रात फार मोठ्या समाजाला उद्देशून वापरला जातो, त्याला स्वतःचं राजकारण आहे. २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण सोबत सांगितलं की स्वातंत्र्याच्या वेळची सगळीच भारतीय जनता ‘इंडिजिनस’ आहे. ‘मूलनिवासी’ लिहिलंत तर तोच युक्तिवाद पुस्तिकेत शिरेल आणि ग्रामसभेतल्या माणसाच्या हातात काही उरणार नाही.

आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा घटना समितीत याच शब्दासाठी भांडले होते. भाषांतरांमध्ये ‘बनजाति’ वगैरे लिहिलं जात होतं. ‘आदिवासी’ का लिहीत नाही, या शब्दाला प्रतिष्ठा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. घटनेत शेवटी ‘अनुसूचित जमाती’ आलं. ज्यांचा शब्द आहे त्यांनी तो निवडलेला असताना आपण नवा का घडवायचा?

जव्हारचा
मी स्वतः वारली. ‘आदिजन’ आमच्या पाड्यावर कुणी म्हणणार नाही. ‘आदिवासी समाज’ लिहा, सगळ्यांना कळेल.

पण माझी हरकत ‘पवित्र स्थळ’ला जास्त आहे. आमच्याकडे वाघोबाची जागा म्हणजे शेंदूर लावलेलं लाकूड नाहीतर दगड, वर वाघ कोरलेला, सोबत चंद्र-सूर्य. तिथे कोंबडा देतात, दारूची धार सोडतात. ‘पवित्र’ म्हटलं की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे सोवळं येतं. उद्या कुणी अधिकारी म्हणेल, पवित्र जागा आहे तर कोंबडं कसं कापता? शब्दाने आमची रीतच बाहेर काढली जाते.

तळकोकणी
अगदी बरोबर. आमच्या कोकणात देवाच्या नावाने राखलेल्या रानाला देवरहाटी म्हणतात, तिथल्या नेमाचा शुचितेशी संबंधच नाही. नेम एकच, तिथलं काही न्यायचं नाही. पडलेली वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. देवळाच्या वाशाला लाकूड हवं झालं तर आधी गाऱ्हाणं घालतात, मग गुरव पाषाणाला तांदूळ लावून कौल घेतो. डावा पडला तर कुऱ्हाड आत जात नाही, मग गावातला कितीही मोठा माणूस मागत असो. मी ‘देवाची राखीव जागा’ लिहीन.

चंद्रपूरकर
‘राखीव’ नको. राखीव जंगल म्हणजे वनखात्याचं. इंग्रजांच्या काळापासून त्या शब्दाने लोकांना जंगलाबाहेर ठेवलंय.

पर्थकर
इकडे ऑस्ट्रेलियात ‘सेक्रेड साइट’ हा कायद्यातलाच शब्द आहे, नॉर्दर्न टेरिटरीत १९८९ चा स्वतंत्र कायदाच आहे. पण शब्द असून भागत नाही. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात जूकन घळीतले शैलाश्रय लोहखनिजासाठी सुरुंग लावून उडवले. तिथे माणसाचा वावर ४६,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे जात होता. ती पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या समाजांची जागा, आणि हे सगळं १९७२ च्या वारसा कायद्याखाली रीतसर परवानगी घेऊन झालं. म्हणून मला वाटतं, जागेच्या विशेषणापेक्षा ‘संमती’चा शब्द जपून निवडा.

भाषांतरवाली
त्यासाठी ‘मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती’ असं लिहिलंय. वाचताना दम लागतो.

तळकोकणी
‘कौल’ लिहा! ओडिशातल्या नियमगिरीत हेच झालं की. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं, आणि डोंगरिया कोंध वगैरेंच्या बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. त्यांच्या देवाचा, नियम राजाचा डोंगर वाचला.

मोडीवाचक
कौल देवाचा असतो, ग्रामसभा ठराव करते. शिवाय जुन्या कागदांत कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेलं अभयपत्र. तीन अर्थांचा शब्द कायद्याच्या पुस्तिकेत घालू नये.

तळकोकणी
निवडणुकीनंतर ‘जनतेचा कौल’ छापतात, तेव्हा कुणाचा गोंधळ होत नाही.

जव्हारचा
माझं म्हणणं ‘ज्ञान’ या शब्दाबद्दलही आहे. आमचा भगत मुळी देतो, पण कशाची ते सांगत नाही. सांगितली तर औषधाला गुण येत नाही असं तो मानतो. ‘पारंपरिक ज्ञान’ म्हटलं की ते सगळ्यांचं, छापायला मोकळं असं वाटतं. लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडापाल्याची आणि त्याच्या वापराची नोंद ठेवतात त्या वहीत, मुळीचं नाव लिहून घ्यायला आले होते, तेव्हा म्हातारा गप्पच बसला.

चंद्रपूरकर
हा मुद्दा पुस्तिकेत यायलाच हवा. हळदीच्या पेटंटची गोष्ट सगळे अभिमानाने सांगतात. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं, आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण जिंकलो ते छापील पुराव्यावर : संस्कृत ग्रंथ, १९५३ चा वैद्यकीय मासिकातला लेख. परदेशात नुसतं वापरात असलेलं, तोंडी चालत आलेलं ज्ञान तेव्हाचा अमेरिकी कायदा पुरावा म्हणून धरतच नव्हता. हळदीला ग्रंथ होते, भगताच्या मुळीला कोण साक्ष देणार? सांगितली तर हातची जाते, न सांगितली तर पुरावा नाही. २०२४ च्या करारात एवढं आलंय की शोध अशा ज्ञानावर आधारलेला असेल, तर ते कोणत्या समाजाकडून मिळालं हे पेटंटच्या अर्जात उघड करावं लागेल. ही मागणी १९९९ मध्ये कोलंबियाने मांडली होती. पंचवीस वर्षं गेली. आणि त्यात नुसतं नाव सांगायचं आहे, नकार देण्याचा हक्क त्या करारात नाही.

भाषांतरवाली
‘जाणतेपण’ कसं वाटतं? जाणत्या माणसाशी बांधलेलं राहतं, सुटं होत नाही.

जव्हारचा
चांगलं आहे. आमच्यात ‘जाणता’ म्हणतातच.

मोडीवाचक
जाणतेपण हा माणसाचा गुण झाला, मालकी सांगता येईल अशी वस्तू नव्हे. कायद्यात ‘ज्ञान’च हवं. आणि वर ‘देवरहाटी’ लिहिलंय ते ‘देवराहाटी’ हवं. जुन्या मराठीत राहाटी म्हणजे वागणूक, चालरीत. देवाची रीत चालते ती जागा. ‘देवराई’तली राई निराळी, ती आमराईतली, ‘राजी’ म्हणजे रांग यावरून आलेली.

तळकोकणी
देव राहतो ती रहाटी, असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आणि आमच्या रहाटीत झाडांची रांग कुठेच नाही, किंजळ, ऐन, सातवीण सगळी दाटीने वाढलेली आहेत. शिमग्याला गावी जाणार आहे, तेव्हा मानकऱ्यांना विचारतो. तोवर मी ‘रहाटी’च लिहिणार.