एमबीबीएस प्रवेश : गावाकडच्या मुलीने कागदपत्रं कधीपासून जमवावीत?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला, तालुक्याच्या कॉलेजात. ओबीसी. नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) देणार आहे. ग्रामीण कोटा असतो का? आत्ता काय करून ठेवावं?

उत्तर १ : नीटच्या प्रवेशात 'ग्रामीण' म्हणून वेगळा कोटा नाही. विभागवार ७०:३० सूत्रही (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरासाठी) २०२० मध्ये रद्द झालं. खरी अडचण जात वैधतेची, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याच्या पडताळणी समितीच्या प्रमाणपत्राची. अर्ज आत्ताच कॉलेजमार्फत करा, निकालाची वाट पाहू नका. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो : आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) जन्मनोंद. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, नाव वेगळं असतं. तिथेच प्रकरण अडकतं. वंशावळीचं शपथपत्र या नोंदींशी काळजीपूर्वक जुळवा.

उत्तर २ : नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रं (कुटुंब उन्नत गटात नसल्याची) दोन लागतात, हे बऱ्याच पालकांना सांगितलंच जात नाही. ८५ टक्के राज्य कोट्यासाठी राज्याच्या नमुन्यातलं, १५ टक्के अखिल भारतीयसाठी केंद्राच्या नमुन्यातलं. नोंदणीही दोन ठिकाणी : राज्य कोट्यासाठी राज्याचा सीईटी सेल आणि अखिल भारतीयसाठी केंद्राची एमसीसी (वैद्यकीय समुपदेशन समिती). नीटचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं नाही!

उत्तर ३ : डोमिसाईलही (राज्याचा अधिवास दाखला) आत्ताच काढा. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षरश: एकच हवं.