रजिस्टरात औषध होतं!

'राजस्थानसारखा आरोग्य हक्क कायदा आणा, मोर्च्यांनी काही होत नाही' असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. तिथे २०२३ला कायदा झाला तोही जन स्वास्थ्य अभियानवाले (आरोग्य हक्कासाठी लढणाऱ्या संघटनांची आघाडी) मागे लागले म्हणूनच, आणि खाजगी डॉक्टरांच्या संपापुढे सरकारला नमतं घ्यावं लागलंच की.

आपल्याकडे २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, म्हणजे गावकरीच सरकारी आरोग्य केंद्राला हिरवा-पिवळा-लाल शेरा देणार आणि जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारींच्या जाहीर सभेत, तो तक्ता अधिकाऱ्यांसमोर लावणार. अशा एका सुनवाईला मी होतो. एक आजी पदराच्या गाठीतून बाहेरच्या मेडिकलची चुरगळलेली बिलं काढून एकेक सरळ करत टेबलावर मांडत होत्या. केंद्राचे डॉक्टरसाहेब म्हणाले औषधाचा स्टॉक नव्हता, मग कुणीतरी स्टोअरचं रजिस्टर मागवलं तर औषध होतं!