एलसीटी ७०७४ चं युद्धानंतर काय झालं?

प्रश्न: रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी ही ब्रिटिश नौका जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा तिथे होती, एवढंच वाचलंय. पुढे?

उत्तर १: नॉर्मंडीतल्या गोल्ड बीच या भागात दहा रणगाडे उतरवले तिने. तसल्या आठशेहून जास्त नौका त्या मोहिमेत होत्या, उरली ही एकटीच.

उत्तर २: पुढचं ऐकून हसाल. लिव्हरपूलला चक्क नाइटक्लब झाली! मग बर्कनहेडच्या गोदीत बुडाली, २०१४ मध्ये वर काढली. मी पोर्ट्समथला पाहिली, आता जमिनीवरच ठेवलीय. तळ इतका सपाट की लाटांत सरळ कशी हाकत असतील, देव जाणे. डेकवर दोन रणगाडेही आहेत.

प्रश्नकर्ता: नाइटक्लब? रणगाडे उभे राहायचे तिथे नाच!