नाकाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे?

खानापूरची आई
माझ्या एकवीस वर्षांच्या मुलीचे नाक लहानपणी पडल्यामुळे वाकडे झाले असून डाव्या नाकपुडीतून तिला नीट श्वासही घेता येत नाही. मार्चमध्ये लग्न आहे, त्याआधी ती नाक सरळ करून घ्यायचे म्हणते. सासूबाई म्हणतात, हे पैसे देऊन नाक कापून घेणे झाले. जाऊबाईंना चेहऱ्याच्या सुरकुत्या काढायच्या आहेत. यात धोका किती?

निवृत्त परिचारिका, बेळगाव
ताई, आतला पडदा सरळ करणे आणि बाहेरचा आकार बदलणे ही दोन निराळी कामे आहेत, जरी ती काही वेळा एकाच वेळी होत असली तरी. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि भुलीचा धोका दोन्हींत असतो. क्वचित पडद्याला भोक पडते व श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. आकार मनासारखा न आल्याने काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षभरही लागते, म्हणून लग्नाच्या फोटोंसाठी घाई करू नये.

सासूबाईंना हेही सांगा, की टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिल्याची हकिकत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली होती, आणि ते काम आपल्या पुण्याकडच्या कारागीर वैद्याचे होते.

निपाणीकर
जाऊबाई मिश्री लावतात का? सुरकुत्यांच्या शस्त्रक्रियेआधी आमच्या मावशीला डॉक्टरांनी विचारले, ‘सिगारेट ओढता का?’ ती ‘नाही’ म्हणाली, आणि ते खोटेही नव्हते. पण मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि सुरकुत्या ताणण्यासाठी सोडवलेल्या कातडीला रक्त पुरेसे न मिळाल्यास ती मरते. मावशीच्या कानामागची जखम त्यामुळेच कित्येक आठवडे चिघळत राहिली. त्याखेरीज कातडीखाली रक्त साठणे आणि चेहऱ्याच्या नसेला इजा होऊन ओठ किंवा भुवई तात्पुरती, क्वचित कायमची, लुळी पडणे हेही धोके आहेत. पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात जोराचा ठणका लागून अंधुक दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण डोळ्यामागे रक्त साठल्यास दृष्टी जाऊ शकते.

खानापूरची आई
मिश्रीचे कुणी बोललेच नव्हते. जाऊबाई दिवसातून तीनदा लावतात. संमतिपत्र मात्र कन्नड आणि इंग्रजीत आहे.

निवृत्त परिचारिका, बेळगाव
मग सही करण्याआधी प्रत्येक ओळ मराठीत समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डीआर.एन.बी.) पदवी आहे का, हेही त्याच बैठकीत विचारा.