'ओनी'मधल्या आईवर अन्याय झालाय असं मला वाटतं, तुम्हाला?

रानजाई:
जपानी दिग्दर्शक किहाचिरो कावामोतोंची १९७२ ची 'ओनी' परत बघितली. बाहुल्यांची स्टॉप-मोशन फिल्म (बाहुली हाताने जराशी हलवायची, एक फ्रेम टिपायची, परत हलवायची), जेमतेम आठ मिनिटांची, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. ज्यांनी नाही बघितली त्यांच्यासाठी गोष्ट सांगते: दोघं भाऊ शिकारी, घरी थकलेली म्हातारी आई. रात्री रानात एकाला वरून कुणीतरी धरतं, दुसरा अंधारात बाण मारतो, हात तुटून पडतो. घरी नेऊन उजेडात बघतात तर हात आईचा. ही लोककथा 'कोनजाकु मोनोगातारिशू' नावाच्या बाराव्या शतकाच्या आसपासच्या संग्रहात आहे, २७ व्या खंडात, आणि तिथे शेवटी चक्क म्हटलंय की आईबाप फार म्हातारे झाले की ओनी म्हणजे राक्षस होतात आणि पोटच्या पोरांना खायला बघतात. मला राग ह्याचा आहे. जन्मभर राबलेल्या बाईचं म्हातारपण म्हणजे राक्षस? हजारेक गोष्टींमधून हीच का निवडावी?

सुतळीगुंडा:
नाही पटलं. तुम्ही पुस्तकातलं वाक्य फिल्मच्या माथी मारताय. फिल्म बोलते ती बाहुल्यांच्या चेहऱ्यातून, आणि चेहरा हलतच नाही त्यामुळे कुणी व्हिलन म्हणून रंगवलेलं नाहीये. कावामोतो १९६३ मध्ये प्रागला, बाहुल्यांच्या फिल्म करणाऱ्या यिरी त्रन्कांकडे शिकायला गेले तर त्यांनीच सांगितलं की तुमच्याकडे नो, म्हणजे मुखवट्यांचं नाटक, आणि बुनराकु, म्हणजे बाहुल्यांचं नाटक, आहे, तिकडे बघा. नोचा मुखवटा जरा वर उचलला की उजळतो, त्याला तेरासु म्हणतात, खाली झुकवला की सावली पडून उदास दिसतो, ते कुमोरासु. लाकडाचा तोच चेहरा, फक्त मान एवढीशी हलवायची! सेकंदाला २४ फ्रेम धरा, आठ मिनिटांच्या साडेअकरा हजार होतात, म्हणजे ती मान किती वेळा हाताने हलवली असेल. इतक्या मायेने हलवलेल्या बाहुलीवर अन्याय झालाय असं मी तरी म्हणणार नाही.

रानजाई:
मेहनतीबद्दल वादच नाही हो. पण बुनराकुचंच काढलंत तर त्यात गाबू नावाचं डोकं असतं, सुंदर बाईचा चेहरा, आतली दोरी ओढली की तोंड फाटतं, शिंगं बाहेर येतात. म्हणजे बाईच्या आत राक्षस असतोच ही समजूत तिथपासूनची आहे आणि तीच इथे आईवर लादलीय.

पायरीवरचा:
मी जरा वेगळं सांगतो. आमची आजी शेवटची दोन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. एका रात्री पाणी द्यायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं, कोण रे तू म्हणाली, आणि त्या काडीएवढ्या हाताला एवढा जोर कुठून आला देव जाणे, सकाळपर्यंत चार नखांचे वण होते. मला त्या रात्री तिची भीती वाटली, हे मी घरी कधी कुणाला बोललो नाही. डॉक्टरांनी आम्हाला निदान आजाराचं नाव तरी सांगितलं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी ज्या घरात हे घडलं असेल त्यांच्याकडे कुठलं नाव होतं? त्यांनी ओनी म्हटलं. मला फिल्ममध्ये ती मुलं दिसतात, घाबरलेली.

सुतळीगुंडा:
हेच मला नीट मांडता येत नव्हतं.

रानजाई:
पायरीवरचा, तुमचं वाचून गलबलून आलं, खरंच. पण बघा, ही सुद्धा मुलांचीच बाजू झाली. ती एवढी थकलेली, रात्रीची रानात गेली कशी, का गेली, हे कुणीच विचारत नाही. आणि तुटलेला हात, नुसता हात, तो आईचा हे पोरांनी ओळखलं कशावरून? त्याच हाताने भरवलेलं खाऊन मोठी झाली म्हणून ना?