कॅपिटल विद्यापीठ, ओहायो: स्थापनावर्ष १८३० धरायचं की १८५०?

इतिहास_परभणी
एम.ए.च्या लघुप्रबंधाला विषय घेतलाय: पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतून उभी राहिलेली छोटी विद्यापीठं. त्यात अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं, लुथरन (मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) परंपरेचं कॅपिटल विद्यापीठ आहे. स्थापना कुठे १८३० दिली आहे, कुठे १८५०. ट्रिनिटी सेमिनरी हीच मूळची सेमिनरी असं म्हणतात, पण तिच्यापुढे १९७८ दिसतं. याची संगती कशी लावायची? जुने कागद इथे बसून मिळतील का? आणि तुलनेसाठी जालन्याचं मिशन घेतलं तर चालेल का?

बालाघाट
दोन्ही वर्षं खरी आहेत, फक्त ती दोन वेगळ्या घटनांची आहेत. १८३० साली ओहायोच्या लुथरन सिनडने (म्हणजे तिथल्या मंडळ्यांच्या प्रांतिक संघटनेने) कँटन गावी सेमिनरी काढली. शिकवणारे विल्हेल्म श्मिट तिथलेच पाळक होते. थोड्याच काळात सेमिनरी राजधानी कोलंबसला हलली, आणि राजधानीतलं म्हणून पुढे 'कॅपिटल' नाव पडलं. २ मार्च १८५० ला राज्याच्या विधिमंडळाने त्या नावाने सनद दिली. विल्यम रेनॉल्ड्स पहिले अध्यक्ष झाले. विद्यापीठ स्वतः १८३० सांगतं. तुम्ही 'संस्था १८३०, सनद १८५०' असं लिहा, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही.

आपल्या विद्यापीठाचा साचा इथे लावू नका. मराठवाड्यातली महाविद्यालयं आधी उस्मानियाला जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ ला संभाजीनगरचं विद्यापीठ निघालं आणि ती इकडे आली. कॅपिटलमध्ये संलग्न महाविद्यालयं हा प्रकारच नाही. एकाच संस्थेत सेमिनरी आणि कॉलेज एकत्र नांदत होते, म्हणून सेमिनरीचं वर्ष विद्यापीठाला सांगता येतं.

१९७८ चा उलगडा असा: १९५९ मध्ये सेमिनरी विद्यापीठापासून वेगळी झाली. १९७८ मध्ये ती हामा धर्मशास्त्र विद्यालयात मिळून ट्रिनिटी झाली. १ जानेवारी २०१८ ला ट्रिनिटी पुन्हा कॅपिटलमध्ये आली. म्हणजे १९७८ हे विलीनीकरणाचं साल, स्थापनेचं नव्हे. कॅपिटलच्या विधी विद्यालयाचंही असंच आहे: १९०३ ला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत सुरू झालं, कॅपिटलकडे आलं १९६६ ला.

गोदाकाठ
हामाबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण या इतिहासाचा गाभा तिथे आहे. ओहायोतल्या लुथरनांमध्ये तेव्हा मोठा तंटा भाषेचा होता. जुनी मंडळी जर्मनवर ठाम होती. इंग्रजी आली की पंथाची शिकवणही पातळ होईल, ही त्यांची भीती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना जर्मन प्रवचन कळणार नसेल तर मंडळी टिकणार कशी? या इंग्रजी बाजूने १८४५ मध्ये स्प्रिंगफिल्डला विटेनबर्ग कॉलेज काढलं, पहिले अध्यक्ष एझ्रा केलर. हामा विद्यालय त्याच विटेनबर्गचं. म्हणून १९७८ चं विलीनीकरण नुसतं प्रशासकीय समजू नका, भाषेवरून फुटलेल्या दोन शाखा तिथे एक झाल्या. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण हेच व्हावं. सनावळी परिशिष्टात गेली तरी चालेल.

दुसरं, सिनडची नावं बदलत जातात आणि तिथेच घोटाळा होतो. ओहायो सिनड १९३० मध्ये आयोवा आणि बफेलो सिनडांसह अमेरिकन लुथरन चर्चमध्ये विलीन झाला. १९६० च्या विलीनीकरणानंतरही नाव जवळपास तेच राहिलं, पण संघटना वेगळी. १९८८ पासून ईएलसीए, म्हणजे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका. तळटीपेत नावासोबत साल द्याच.

मोडीवाचक
कागदांबद्दल. हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहांपासून सुरुवात करा. सनद शोधताना ओहायोच्या सर्वसाधारण कायद्यांच्या खंडात हात घालू नका, १८४९-५० च्या अधिवेशनाचा स्थानिक कायद्यांचा खंड उघडा. तेव्हा एकेका संस्थेसाठी विशेष कायदा करून सनद देत. १८५१ च्या राज्यघटनेने ती पद्धत बंद केली.

सिनडची जर्मन इतिवृत्तं फ्राक्टुर छपाईत (जुन्या टोकदार जर्मन अक्षरवळणात) असतात, आणि यंत्राने काढलेला मजकूर तिथे फसतो. शब्दात मध्ये येणारा लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. फरक एवढाच की 'एफ'ची आडवी रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते, 'एस'ची डावीकडेच थांबते. त्यामुळे 'प्रोफेसर'मधले दोन्ही 'एस' 'एफ' होऊन बसतात आणि शोधात शब्द सापडत नाही. मोठा 'एस' 'जी' किंवा 'ई' म्हणून वाचला जातो, तेव्हा 'सेमिनार' शोधताना 'गेमिनार'ही टाकून बघा. मोठे 'आय' आणि 'जे' तर सारखेच, व्यक्तिनामाच्या आद्याक्षरावर घाईने निष्कर्ष काढू नका. टेसेरॅक्ट (छापील पानातून मजकूर काढणारी संगणक प्रणाली) वापरत असाल तर फ्राक्टुरचं वेगळं मॉडेल निवडा, नेहमीच्या जर्मनवर निम्मं पान वाया जाईल.

आणखी एक. विद्यापीठ १८७६ ला आजच्या बेक्सलीतल्या जागी गेलं, पण बेक्सली गाव म्हणून नोंदलं गेलं १९०८ ला. त्याआधीच्या कागदांत 'बेक्सली' शोधलंत तर हाती काही लागणार नाही, 'कोलंबस' टाका.

बालाघाट
जालन्याचं राहिलं. नारायण शेषाद्रींचं जालना-बेथेलचं काम स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे प्रेस्बिटेरियन, लुथरनांहून वेगळा प्रोटेस्टंट पंथ. लुथरन तुलना हवी असेल तर आंध्रातलं गुंटूर घ्या. १८४२ मध्ये अमेरिकेहून आलेले लुथरन मिशनरी हायर यांनी तिथे काम सुरू केलं.