जुन्या मारुती ८०० चा एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा, एअर कंडिशनरचा नव्हे) घरी बदलायचा आहे, सल्ला हवा

अमळनेरकर: नमस्कार मंडळी. वडिलांनी १९९८ साली घेतलेली मारुती ८०० अजून दारात आहे, कार्ब्युरेटरवाली. पहाटे एका सेल्फमध्ये सुरू होते. पारोळ्याहून धुळ्याच्या रस्त्याला लागलो आणि ऊन चढलं की झटके देते, दम तोडते, बंद पडते. अर्धा तास झाडाखाली उभी केली की जणू काही झालंच नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात याच दुखण्यावर एकाने कार्ब्युरेटर खोलून साफ केला. पैसे गेले, दुखणं राहिलं. आता दुसरे मिस्तरी म्हणतात एसी पंप गेला. पाने आहेत, वेळ आहे, हात काळे करायची तयारी आहे. घरी जमेल का? आणि जुनाच प्रकार घ्यावा की इलेक्ट्रिक पंप बसवावा?

रावेरचा_आबा: जमेल भाऊ. या गाडीचा पंप टाकीत नाही, इंजिनवरच बाहेर आहे, कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनमधल्या उंचवटे असलेल्या दांड्याच्या, फिरण्यावर चालतो. आत रबरी पडदा असतो, तो वरखाली होऊन पेट्रोल ओढतो. पण खोलायच्या आधी तीन गोष्टी बघ. मी स्वतः न बघता पंप आणला होता, म्हणून कळकळीने सांगतो.

पहिली, गाडी बंद पडली की लगेच पेट्रोल टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, पंप निर्दोष. दुसरी, त्याच वेळी स्पार्क बघ. स्पार्क देणारी कॉइल तापली की अशीच दगा देते आणि गार झाली की चालते. मात्र टाकीचं झाकण घट्ट लावून, पेट्रोलचा वास जवळपास नसतानाच. तिसरी, ऑइलची पट्टी काढून हुंग. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर पडदा फाटून पेट्रोल इंजिनात उतरतंय. मग एक किलोमीटरसुद्धा चालवू नकोस. ऑइल पातळ होऊन बेअरिंग खातं आणि आत पेट्रोलची वाफ साठते. पंपाबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदललाच पाहिजे.

भुसावळ_४५: मी बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप लावलाय, टाकीजवळ, खाली. उन्हाळ्यात एकदाही बंद पडली नाही. इंजिनच्या उष्णतेपासून लांब असल्याने पाइपात पेट्रोलची वाफ होत नाही.

धुळे_देवपूर: दादा, तुमचं कारण बरोबर आहे, पण नवशिक्याला मी हे सुचवणार नाही. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीचा पंप चुकून लावला तर त्याचा जास्तीचा दाब कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई थोपवू शकत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनवर सांडतं. आणि मूळचा पंप इंजिन थांबलं की थांबतो. इलेक्ट्रिकला तसा बंदोबस्त केला नाही तर अपघातात इंजिन बंद पडलं तरी तो फुटक्या पाइपातून पेट्रोल फेकत राहतो. मूळ प्रकारचाच घ्या. घेताना पडदा इथेनॉलला टिकणारा आहे का हे विचारा. आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. त्याच कारणाने टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि क्लिपा बदला. पंपाच्या अलीकडचा, म्हणजे टाकीकडून येणारा पाइप चिरलेला असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, हवा ओढली जाते. म्हणून ती चीर दिसत नाही आणि नवा पंपही दोषी ठरतो.

रावेरचा_आबा: देवपूरकरांशी सहमत. अमळनेरकर, काम पहाटे कर, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना, उघड्या अंगणात. आपल्याकडे मे महिन्यात अकरा वाजता पत्र्याच्या शेडखाली पेट्रोलचं काम म्हणजे जिवाशी खेळ. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढ. स्वयंपाकघराची खिडकी लांब हवी, गॅस पेटलेला नको. वाळूची बादली हाताशी ठेव, पाणी नको, पाण्यावर पेट्रोल तरंगत पसरतं.

पाइप काढण्याआधी फोटो काढून चिठ्ठ्या लाव: येणारा, कार्ब्युरेटरला जाणारा, टाकीकडे परतणारा. पंप आणि इंजिनमधला जाड काळा ठोकळा फेकू नकोस. तो इंजिनची उष्णता अडवतो आणि त्याच्या जाडीवर पंपाचा दट्ट्या किती दाबला जातो ते ठरतं. दोन्ही बाजूंचं पॅकिंग नवं घाल. पंप बसता बसत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नकोस, कॅमचा उंचवटा समोर आलाय. इंजिन हाताने थोडं फिरव, सहज बसेल.

अमळनेरकर: आबा, पट्टीला पेट्रोलचा वास येतोय! झाकण आणि स्पार्क दोन्ही ठीक निघाले. गाडी जागेवरच ठेवली आहे, पंप जळगावहून मागवला.

अमळनेरकर (आठ दिवसांनी): पंप, ऑइल, ऑइल फिल्टर, सगळे पाइप बदलले. साडेतीन तास लागले, त्यातला एक तास गंजलेल्या एका नटाने खाल्ला. जुना पंप खोलून पाहिला, पडद्याला कडेने बोटाच्या पेराएवढी चीर. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते, चिठ्ठ्या त्यांनीच लिहिल्या. काल दुपारी दोन वाजता मुद्दाम उन्हात लळिंगपर्यंत नेऊन आणली. कुठेही थांबली नाही. घरी येऊन पट्टी पुन्हा हुंगली, फक्त ऑइलचा वास.